ऑनलाइन कुटुंब-समुपदेशनाच्या पहिल्या सत्राआधीची तयारी

पैशांची गोष्ट सर्वांत आधी ठरवावी, समुपदेशकाची निवड करण्याच्याही आधी, असे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षांपूर्वी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी, माझे यजमान, मुलगा आणि सून असे चौघे आणि न्यू जर्सीहून मुलगी, अशी आम्हा पाच जणांची सत्रे सुरू झाली. पहिल्या तीन सत्रांचे पैसे मुलीने भरले, तेही निव्वळ मायेपोटी. पण सुनेला वाटू लागले की ज्यांनी पैसे मोजले त्यांचीच बाजू समुपदेशक उचलून धरणार, आणि ती ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे बोलेना. चौथ्या सत्रापासून आम्ही खर्चाचे तीन वाटे केले. एक आमच्या निवृत्तिवेतनातून, एक मुलीकडून आणि एक मुलगा-सुनेचा, जो सुनेने स्वतःच्या पगारातून भरला. त्या दिवशी ती प्रथमच सलग दहा मिनिटे बोलली. म्हणून पैसे कोण देणार, किती वाटे होणार आणि ज्याची स्वतःची मिळकत नाही त्याला कमीपणा न वाटता त्याचा वाटा कसा धरायचा, हे आधी सर्वांसमक्ष बोलून घ्यावे. केवळ नवरा-बायकोचेच समुपदेशन असेल, तर फी घरखर्चाच्या सामायिक पैशांतून द्यावी, एकट्याच्या खिशातून देऊ नये.

वाटे ठरले की आकडा मांडावा. फी समुपदेशकाच्या अनुभवानुसार बदलते आणि जोडप्याचे किंवा कुटुंबाचे सत्र एकट्याच्या सत्रापेक्षा बहुधा लांब असल्यामुळे ते महाग पडते. तेव्हा फी किती, याबरोबरच ती किती मिनिटांची, हेही विचारावे. समजा एका सत्राचे २,००० रुपये आहेत आणि सत्र पंधरवड्यातून एकदा आहे, तर चार महिन्यांत आठ सत्रांचे १६,००० रुपये होतात. एवढी रक्कम बाजूला काढणे शक्य नसेल, तर सत्रे सुरू करून मध्येच सोडण्यापेक्षा आधीच मोकळेपणाने सांगावे, कारण अनेक समुपदेशक मिळकतीनुसार कमी फी घेण्यासाठी काही सत्रांच्या वेळा राखून ठेवतात आणि ते विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. ऐनवेळी सत्र रद्द झाल्यास पूर्ण फी द्यावी लागते का, किती तास आधी कळवावे लागते आणि एकच जण गैरहजर राहिला तर सत्र होते का, या तिन्हींची उत्तरे लेखी मागून घ्यावीत. दहा सत्रांचे पैसे सवलतीसाठी एकरकमी भरू नयेत. आम्ही आधी एका ठिकाणी तसे भरले होते; दुसऱ्या सत्रानंतर तिथले पटेनासे झाले, आणि उरलेल्या आठ सत्रांचे पैसे परत मिळाले नाहीत.

विम्याबद्दल फार मोठी आशा धरू नये, पण चौकशी अवश्य करावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांची तरतूद शारीरिक आजारांच्याच धर्तीवर करायची आहे. तरीही घरातल्या विसंवादाला आजार मानले जात नाही आणि बहुतेक साध्या पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. म्हणून आपल्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च समाविष्ट आहे का आणि त्यात समुपदेशन बसते का, एवढे नेमके दोन प्रश्न कंपनीला विचारावेत. उत्तर ‘हो’ आले, तर पावतीवर कोणाचे नाव, समुपदेशकाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख कशी हवी, हेही तेव्हाच विचारून ठेवावे. याहून अधिक उपयोगी पडू शकते ती नोकरीच्या ठिकाणची सोय. पुष्कळ मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना, आणि कित्येकदा त्यांच्या जोडीदारालाही, काही मोफत सत्रे देतात. मात्र तेथे बोललेले कार्यालयात कोणाकोणापर्यंत पोचते, हे पहिल्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे.

ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांनी थांबून राहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठी, गुजराती, हिंदी या भाषा उपलब्ध आहेत. महिनोन्‌महिने चालणारे कुटुंब-समुपदेशन तिथे होत नाही, परंतु मनावरचा ताण असह्य झाला असेल तर आधार मिळतो आणि पुढे कुठे जावे हे कळते. घरातल्या एखाद्याची झोप, भूक किंवा कामच बंद पडले असेल, तर वडोदऱ्यातल्या सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्या व्यक्तीला आधी दाखवावे. प्रकरण कुटुंब न्यायालयात गेले असेल, तर १९८४ च्या कायद्यात तेथेही समुपदेशकांची तरतूद आहे.

येथे एक गोष्ट या साऱ्या तयारीतून बाजूला काढून वेगळी सांगायला हवी. घरात मारहाण, धमक्या किंवा डांबून ठेवणे असे काही घडत असेल, तर एकत्र सत्राची तयारी करू नये. सत्रात खरे बोलणाऱ्या बाईला कॉल संपल्यावर त्याच घरात राहायचे असते, आणि पडद्यापलीकडचा समुपदेशक तिच्यासाठी दार उघडू शकत नाही. अशा वेळी गुजरातमध्ये १८१ अभयम या महिला हेल्पलाइनला फोन करावा, तातडीच्या प्रसंगी ११२ ला. जबाबदार समुपदेशक एकत्र सत्राआधी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात ते याच कारणाने. तसे बोलणे कोणी टाळत असेल तर दुसरा समुपदेशक पाहावा.

समुपदेशक निवडताना कागद पाहावेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि औषध लिहून देण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाला नसून मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरला असतो. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठे झाले, जोडप्यांसोबत किंवा कुटुंबांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि एकाने एकट्याने सांगितलेले गुपित दुसऱ्यापासून राखले जाते की नाही, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो. ते सर्वांना आधीच माहीत असावे, नाहीतर नंतर विश्वासघात झाल्यासारखे वाटते.

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत भाषेची निवड हा मोठा प्रश्न असतो. आमची सून माहेरची गुजराती आहे. ती उत्तम मराठी बोलते, पण रडू आले की गुजरातीत जाते, आणि मला टोमणा, रुसवा, घुसमट या शब्दांवाचून माझे दुखणे सांगता येत नाही. दोन्ही भाषा समजणारी समुपदेशक शोधायला आम्हाला एक महिना अधिक लागला. तो महिना मला आजही वाया गेला असे वाटत नाही. तसे कोणी मिळाले नाही तर हिंदीत बोलायला हरकत नाही, फक्त अडलेला शब्द आपल्या भाषेत म्हणून मग समजावून सांगायची मुभा सर्वांना असावी, आणि घरातल्या कोणीही दुसऱ्याचा दुभाषी होऊ नये.

जुन्या घरांच्या भिंतींतून आवाज जातो, म्हणून खोली निवडताना शेजारची खोलीही पाहावी आणि मुलांना तासभर शेजारी किंवा कमाटीबागेत पाठवावे. एकाच घरातल्या माणसांनीही शक्य असेल तर वेगवेगळ्या फोनवर, इअरफोन लावून बसावे, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा समुपदेशकाला नीट दिसतो. कॉल तुटला तर कोण कोणाला फोन करणार हे ठरवावे. सत्राचे रेकॉर्डिंग कोणीही करणार नाही, असे प्रत्येकाने तोंडाने म्हणावे.

परदेशातले माणूस सामील होणार असेल, तर समुपदेशकाला ते आधी सांगावे. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि सत्राच्या वेळी व्यक्ती ज्या राज्यात बसलेली आहे तिथला परवाना सहसा लागतो, त्यामुळे काही जण असे सत्र घेत नाहीत. घड्याळाचेही पाहावे. आमच्या शनिवारच्या संध्याकाळच्या साडेसातला मुलीचे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर नऊ. एक सत्र आम्ही यामुळे चुकवले. तिचा वाटा तिच्या इथल्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या रुपयांच्या खात्यातून) यूपीआयने येतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले मोबाइल क्रमांक अशा खात्यांना जोडण्याची परवानगी २०२३ मध्ये मिळाली. आपल्या बँकेने ती सोय दिली आहे का, ते पाहावे.

आदल्या रात्री प्रत्येकाने आपापल्या वहीत, एकमेकांना न दाखवता, दोन वाक्ये लिहावीत. मला घरात काय बदललेले हवे आहे, हे एक, आणि त्यासाठी मी स्वतः काय करायला तयार आहे, हे दुसरे. मला पहिले वाक्य दोन मिनिटांत सुचले आणि दुसऱ्यासाठी मी मध्यरात्रीपर्यंत बसले होते.

सत्राच्या दिवशीचा स्वयंपाक दुपारीच करून ठेवावा, आणि तो सुनेवर टाकू नये. साडेआठला कॉल संपल्यावर ती डोळे पुसत ओट्याशी उभी राहिली, हे पहिल्या सत्राला मी पाहिले. दुसऱ्या सत्रापासून यजमान आणि मी दुपारीच खिचडी-कढी करून झाकून ठेवू लागलो, आणि ज्याला जेव्हा जेवावेसे वाटेल तेव्हा त्याने वाढून घ्यावे, असे ठरले.