पुस्तकांची आगोट

मे संपत आला की आमच्या गुहागरात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, घाई असते. सोलं, मसाला, सुकी लाकडं सगळं आत येतं. मी त्याच आठवड्यात पुस्तकांची आगोट करते. चिऱ्याचं जुनं घर, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि साडेचारशे पुस्तकं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच.

आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चिरा पाणी पितो आणि ती ओल पुठ्ठ्यांना लागते. मागे टॉर्च मारून बघा. मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवी. एका वर्षी मी बघितलं नाही. गणपतीत खालचा कप्पा उघडला, पुस्तकं रांगेत जशीच्या तशी उभी. एक उचललं तर पुठ्ठ्याच्या आत नुसती माती. आईने स्वतः शिवून बांधलेले दिवाळी अंक त्यात गेले. त्या कप्प्यात मी आजही काही ठेवत नाही.

पुस्तकं ठासून भरू नका, दोघांत बोट सरकलं पाहिजे. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, अडकलेल्या दमटपणानेच बुरशी धरते. धरलीच, तर पुस्तक पडवीत न्या, नाकाला फडकं बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग आत मुरतो.

कौल सरकून पुस्तक भिजलं तर इस्त्री फिरवू नका. दर दहा-बारा पानांत कोरा कागद घाला आणि तो बदलत राहा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक पंख्याखाली उभं ठेवा. चकचकीत पानं वाळताना एकमेकांना चिकटतात, ती आधी सोडवा. त्या दिवशी सवड नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, वाळवणं नंतर करता येतं.

पण या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे पुस्तक उघडणं. मी रोज चार पुस्तकं काढते, डावीकडून ओळीने, आणि पानं वाऱ्यावर सळसळवते. चार महिन्यांत सगळं कपाट हातातून जातं. चारांतलं एक तरी मला धरून ठेवतंच. बाहेर पागोळ्या गळत असतात, वीज गेलेली असते, मी पडवीच्या उजेडात उंबऱ्यावर बसलेली आणि चुलीवरचा भात खाली लागलेला. गेल्या श्रावणात एका कादंबरीत चिपळूणचं जुनं एसटीचं तिकीट निघालं, कंडक्टरने पंच केलेलं, कडेला आईच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पान ८४, पुन्हा वाचणे’. मी तिथूनच वाचायला घेतली.

दसऱ्याला ऊन पडलं की सगळी पुस्तकं पडवीत सावलीला पसरते. कडक उन्हात नको, बांधणीचा डिंक तडकतो. पूजेला पाटावर त्यातलं एक मांडते, यंदा ती कादंबरी.