आग्या मोहोळाचे फोटो काढायला निघण्याआधी

सगळ्यात आधी पळायची वाट ठरवा, लेन्सचं नंतर बघू. आग्या मोहोळ उठलं की माश्या शंभर मीटरच्या पुढेही पाठलाग करतात, त्यामुळे जिथे उभं राहणार तिथून गाडी किंवा दार लावता येईल अशी खोली किती लांब आहे हे एकदा स्वतः चालून बघायचं, गाडीचं तोंड रस्त्याकडे, काचा वर, किल्ली खिशात. अशी वाट नसेल तर ते मोहोळ सोडून द्या. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवर तर कॅमेरा काढूच नका, तिथे पळणार कुठे? नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्यांवरही नको, माश्या उठल्या तर आपल्यामागून चढणारी लहान मुलं, म्हातारी माणसं सापडतात.

शहरात बरं पडतं. पाण्याच्या टाकीला किंवा उंच बिल्डिंगच्या छज्जाला पोळं असेल तर समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यातली बंद काच शोधा, लेन्सचं हूड (पुढची गोल झडप) काचेला टेकवा, लेन्स सरळ धरा, रिफ्लेक्शन येत नाही. पण आधी वॉचमनला विचारा की एवढ्यात कुणी धूर दिलाय का, पोरांनी दगड मारलेत का, पेस्ट कंट्रोलवाले येऊन गेलेत का. यातलं काहीही झालं असेल तर त्या दिवशी परत फिरायचं, डिवचलेलं मोहोळ लवकर शांत होत नाही.

लेन्स कमीत कमी ३०० एमएम, ४०० असेल तर उत्तम. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० एमएमने ३० मीटरवरून साधारण पावणेतीन मीटर रुंदीची फ्रेम मिळते, म्हणजे मीटरभर रुंद पोळं मधोमध छान बसतं, वरून क्रॉप करायला जागा आहेच. मॅक्रो लेन्स आणि मोबाईल घरी. ट्रायपॉड, सायलेंट शटर, फ्लॅश बंद, ड्रोन अजिबात नाही. उडणाऱ्या माशीसाठी १/२००० तरी ठेवा. पोळ्यावरून जी लाट जाते, माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात ना, ती व्हिडिओतच खरी कळते, शत्रू गांधीलमाशीला हुसकवायला त्या असं करतात. लाटा थांबतच नसतील किंवा एखादी माशी तुमच्या डोक्याभोवती घिरट्या घालायला लागली तर तो इशारा समजा आणि हळू मागे सरका. आकाशात मधुबाज (पोळी फोडून खाणारा शिकारी पक्षी) दिसला तरी सामान गुंडाळा, त्याने पोळ्यावर झडप घातली की खाली उभा असलेला माणूस फुकट सापडतो.

छज्जाखालचं गांधीलमाशीचं हाताच्या पंजाएवढं घरटं असेल तर दहा-बारा फुटांवरून चालतं, पण त्या पंख उभारून तुमच्याकडे तोंड करून बसल्या की मागे व्हा. जमिनीतल्या बिळातून किंवा ढोलीतून मोठ्या गांधीलमाश्या ये-जा करत असतील तर अंतर आग्याएवढंच ठेवायचं.

कपडे फिक्या रंगाचे, फुल बाह्यांचे, डोक्याला टोपी, अत्तर-डिओ नको. काळ्या कॅमेरा बॅगवर पांढरा पंचा टाका. अंगावर बसलेली माशी चिरडू नका, त्या वासाने बाकीच्या येतात. आग्या चांदण्या रात्रीही उडतो, म्हणून रात्री सेफ असं समजून टॉर्च घेऊन जाऊ नका.

आणि एकट्याने जायचं नाही. सोबतच्याला ॲलर्जी आहे का विचारून ठेवा, असेल तर त्याने येऊच नये. माश्या उठल्याच तर हात न हलवता तोंड झाकून सरळ गाडीकडे पळा, पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो, तो नखाने लगेच काढून टाका, जितका उशीर तितकं विष जास्त जातं. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली किंवा खूप डंख झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.

फोटो टाकताना लोकेशन टाकू नका. मध काढायला कुणीतरी मशाल घेऊन पोचतं आणि अख्खं मोहोळ जळून जातं.