चिरेखाणीवरच्या मुलांची नोंद: दिवाळी ते मे

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड काढायच्या खाणी, पाऊस सरला की सुरू होतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की बंद पडतात. कामाला बरीच कुटुंबं विजापूर-बागलकोटकडची. घरात कन्नड नाहीतर लमाणी, मराठी कामापुरती. मुलं हाताशी जेमतेम सहा-सात महिने, म्हणून शाळा-अंगणवाडीसाठी त्यांची नोंद दिवाळीनंतर लगेच करायची. जानेवारीत सुरुवात केलीत तर शाळेचं वर्ष गेलंच म्हणून समजा.

वस्तीवर संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी जा. दिवसा मोठी माणसं खाणीत असतात आणि झोपडीपाशी सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. शाळेत न जाणारं मूल बहुतेकदा तेच. आठवडा बाजाराचा दिवस टाळा. आधी मुकादमाला भेटून काम सांगा, नाहीतर दुसऱ्या फेरीला वाट अडते. पण नावं त्याच्यासमोर लिहू नका. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेलं कुटुंब त्याच्यापुढे मोकळं बोलत नाही आणि थोरल्या मुलाचं वय हमखास वाढवून सांगतं. १८ वर्षांखालच्या कोणालाही खाणीत कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे, हे मुकादमालाही ठाऊक असतं. वयासाठी लसीकरणाचं कार्ड मागा; ते बहुतेकदा पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं.

६ महिने ते ५ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर मोजा. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध पेनाने खूण करा. मग हात सैल, सरळ सोडायला लावून खुणेवर पट्टी गुंडाळा. चुका इथेच होतात: सदऱ्यावरून मोजणं, पट्टी आवळणं (घेर कमी दिसतो), हात वाकलेलाच ठेवणं. मूल रडत असेल तर थांबा, आखडलेल्या दंडाचं माप चुकतं. ११.५ सेंमीच्या आत आलं तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहा. खळगा तसाच राहिला तर दंड कितीही भरो, मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बाकीच्यांची नावं जवळच्या अंगणवाडीत द्या आणि गावाकडच्या अंगणवाडीतली नोंद पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर) इकडे हलवून घ्यायला सांगा.

शाळेत ‘दाखला आणा’ हे उत्तर मिळेल. शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मूल वयानुरूप वर्गात बसतं. हे मुख्याध्यापकांना शांतपणे सांगा. वाद घातलात तर मूल पटावर येतं, वर्गात नाही. जुन्या शाळेचं नाव, गाव, तालुका आणि गुरुजींचा फोन नंबर मात्र घेऊन जा, ऑनलाइन नाव हलवायला तोच उपयोगी पडतो. खरी अडचण अंतराची. सड्यावरून शाळा दोन-तीन किलोमीटर, वाटेत बंद खाणींची पाण्याने भरलेली डबरी. सोबत कोण जाणार हे ठरल्याशिवाय प्रवेश झाला असं मानू नका. आणि कडेवरचं धाकटं अंगणवाडीत गेल्याखेरीज ती बहीण शाळेत टिकत नाही, म्हणून दोघांचं काम एकदमच करा.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा सोडून दिलेलं मूल दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मुलाला खोदून खोदून विचारू नका. त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोखाली (मुलांना त्यापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. फोटो काढायचा नाही, अहवालासाठीसुद्धा नाही.

एप्रिल उजाडला की परतीची तयारी धरा. हिशेब झाला की ट्रक एका रात्रीत निघतो, कोणी सांगायला येत नाही. त्याआधीच शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड), अंगणवाडीतून वजनाची नोंद आणि लसीचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या, बापाच्या नव्हे. पिशवीवर गावच्या शाळेचं नाव कन्नडमध्ये लिहून घ्या. तिकडच्या गुरुजींना ते वाचता आलं पाहिजे.