शेजारच्या कामाचे हादरे: नागपुरात आधी काय मोजायचे, मग काय करायचे

हादऱ्यांच्या तक्रारीत दोन प्रश्न असतात: माणसाला त्रास होतोय का, आणि इमारतीला इजा होतेय का. मोजमाप दोन्हींचे एकच. जमिनीचा कण जास्तीत जास्त किती वेगाने हलला, तो आकडा मिलिमीटर प्रति सेकंदात घेतात. साइटवर त्याला पीपीव्ही म्हणतात. घरात शांत बसलेल्याला ०.३ च्या आसपासचे कंपनही जाणवते. गिलाव्याला भेग पडायला त्याच्या कितीतरी पट जास्त लागते. म्हणून भांडी वाजल्याची तक्रार खरी धरावी, पण तेवढ्यावरून तडा कामामुळेच गेला असे लिहून देऊ नये.

मर्यादा ठरवताना कंपनाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपने (हर्ट्झ), बघावीच लागते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात सुरुंगांसाठी घरांची मर्यादा ८ हर्ट्झखाली ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यापुढे १५ आहे. ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी २, ५ आणि १०. हे आकडे क्षणिक धक्क्यांचे आहेत. रोलर किंवा पाइलिंग (जमिनीत पायाचे खांब बसवणे) तासन्‌तास चालते, तिथे घराजवळ ३ ला इशारा आणि ५ ला काम बंद ठेवावे. महाल भागातल्या, मातीच्या जोडाईच्या जुन्या वाड्यांजवळ १.५ ला इशारा, २ ला बंद.

काम सुरू होण्याआधीच अंदाज काढता येतो. ७.६ मीटरवर मोठा व्हायब्रेटरी रोलर साधारण ५.३ देतो, ठोकून बसवायची पाइल १६, ड्रिल करून घालायची पाइल २.३, भरलेला ट्रक १.९, हातातला जॅकहॅमर ०.९. अंतर दुप्पट झाले की आकडा साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे तोच रोलर १० मीटरवर ३.५ आणि ५ मीटरवर जवळपास १०. सिमेंट रस्त्याच्या कामात घराची भिंत कडेपासून ५ मीटरवर असेल तर कंपन बंद ठेवून स्थिर रोलर चालवावा, थर पातळ करावा आणि फेऱ्या वाढवाव्यात. कंपन चालू ठेवून रोलर थांबवू नये. रोलरमधल्या कंपन देणाऱ्या वजनाचा फिरण्याचा वेग उतरताना तो इमारतीच्या नैसर्गिक वारंवारतेतून (ज्या वारंवारतेला ती स्वतःहून जास्त हलते) जातो आणि सगळ्यात मोठा हादरा त्याच वेळी बसतो. पाइल ठोकण्याऐवजी ड्रिल करून घालणे महाग पडते, पण दाट वस्तीत आम्ही त्याशिवाय दुसरा पर्याय सुचवणार नाही.

सर्वात जास्त वाद भेगांवरून होतात, आणि नागपुरात त्याचे कारण पायाखालीच असते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते; हलक्या पायाच्या घराला शेजारी काही काम नसतानाही तडे जातात आणि ऋतूप्रमाणे उघडमीट करतात. म्हणून कामाच्या क्षेत्रालगतच्या प्रत्येक घराची आधी पाहणी करा: प्रत्येक भेगेचा फोटो पट्टीसकट, रुंदी, दोन्ही टोकांवर पेन्सिलची खूण व तारीख, घरमालकाची सही. मोठ्या भेगेवर मोजपट्टी चिकटवून दर आठवड्याला वाचा. पाहणी मे महिन्यात झाली असेल तर पावसाळ्यानंतर ती पुन्हा करा, नाहीतर फुगलेल्या जमिनीचा दोष रोलरवर किंवा रोलरचा दोष जमिनीवर जातो.

कंपनमापक तिन्ही दिशांचे कंपन मोजणारा हवा आणि तो बाहेरून, पायाच्या भिंतीला बोल्टने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवावा. सैल फरशीवर किंवा कार्पेटवर ठेवलेला मापक भलतेच आकडे देतो. वरच्या मजल्यावर वेगळा लावावा, कारण १० ते २० हर्ट्झला स्लॅब कंपन दुप्पट-तिप्पट करू शकतो. तक्रार बहुतेक तिथूनच येते.

रेल्वेचा प्रश्न वेगळा. नागपूर स्टेशनजवळ मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई मार्ग डायमंड क्रॉसिंगवर एकमेकांना छेदतात. रुळाच्या फटीवरून चाक गेले की आपटते. अशा क्रॉसिंगजवळ किंवा गाडी रूळ बदलते त्या काट्यांजवळ कंपन साध्या रुळाच्या तिप्पट होऊ शकते, चपट्या झालेल्या चाकानेही वाढते. रुळ घासून सरळ करणे आणि जोड वेल्ड करणे हे पहिले उपाय, गिट्टीखालची रबर चटई त्यानंतर. शहराच्या आराखड्यात रुळाच्या मध्यापासून ६० मीटरच्या आतल्या प्रत्येक घरबांधणीला मोजणी सक्तीची करावी. एमआरआय किंवा सूक्ष्म प्रयोगशाळेसाठी १८० मीटर. रुळालगतच्या या पट्ट्यात गोदाम, पार्किंग, दुकाने ठेवावीत.

हिंगणा एमआयडीसीसारख्या ठिकाणी प्रेस व हॅमर स्प्रिंगवर बसवतात. स्प्रिंगची स्वतःची वारंवारता यंत्राच्या एक तृतीयांश हवी. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे यंत्र २५ हर्ट्झला फिरते, म्हणजे आधार ८ हर्ट्झचा, आणि वजनाखाली त्याने साधारण ४ मिलिमीटर दबायला हवे. जेमतेम अर्धा मिलिमीटर दबणारी कडक रबर गादी तिथे निरुपयोगी. पाइप लवचिक जोडाचे असावेत आणि पायाभोवती मोकळी फट राहावी. फटीत काँक्रीट पडले की सगळा खर्च वाया.

कंपन अडवायला मध्ये चर खणण्याचा सल्ला लोक सहज देतात. तो जमिनीतून जाणाऱ्या कंपनलहरीच्या लांबीच्या ०.६ पट खोल असला तरच उपयोगी. सैल मातीत लहर सेकंदाला १५० मीटर जात असेल तर २० हर्ट्झला लांबी साडेसात मीटर, चर साडेचार मीटर. इतका खोल चर घराच्या पायाजवळ खणणे धोक्याचे आहे, आणि पावसाळ्यात पाण्याने भरला की तो कंपन अडवायचाही कमी होतो.