घरावर कर्ज घेताय? व्हॅल्युअर येईल तेव्हा घरी थांबा

मी व्हॅल्युअर आहे; नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यापासून पंचवटीपर्यंत कर्जासाठी घरांचं मूल्यांकन करते. एजंटचा फोन ठरलेला: "मॅडम, पंचावन्न लाख बसवा, पार्टीला कर्ज जास्त हवंय." मी नाही म्हटलं की तो दुसरा व्हॅल्युअर गाठतो. फुगवलेला आकडा ऐकायला गोड लागतो. पण हप्ता त्यावरच्या कर्जाचा भरायचा आणि घर मात्र विकताना बाजारभावानंच जातं.

म्हणून मापं आपल्यासमोर घ्यायला लावा. टेप न काढता बिल्ट-अप (भिंतींसकटचं क्षेत्रफळ) धरून मोकळा होणारा माणूस नको. त्यानं मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागितलाच पाहिजे. गॅलरी बंद करून केलेली खोली मी तरी धरत नाही, मग घरमालक रुसला तरी चालेल. दर पडताळायला त्याच सोसायटीतल्या ताज्या व्यवहाराचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा, काढा. रेडीरेकनर हा सरकारी दरतक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे.

बँकेचं गृहकर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल, तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्केच मिळतात. कोणी "शंभर टक्के देतो" म्हणाला, तर वरची रक्कम कुठल्या नावाखाली, किती व्याजानं, ते लेखी मागा. की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागदही घ्या. सगळी शुल्कं धरून वार्षिक दर त्यात असतो.

आणि सावकार तारण म्हणून खरेदीखतच लिहून मागत असेल, तर तिथून उठा. आधीच सही झाली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.