तैलरंगात बर्फाळ गाव रंगवताय? या चुका टाळा

बर्फाचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा पांढऱ्याच्या घाईमुळे. सुरुवातीलाच ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट जमिनीभर फासला, की शेवटी उन्हाची तिरीप दाखवायला त्याहून उजळ काही उरतच नाही. वर सगळं खडूने रंगवल्यासारखं दिसतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं १८६८-६९ मधलं ‘ला पी’ (मॅगपाय पक्षी) हे बर्फाचं चित्र नीट पाहा. फाटकावर बसलेला पक्षी, मागे घर आणि पुढच्या बर्फावर कुंपणाच्या निळसर सावल्या. १८६९ च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, नाकारलेलं हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

म्हणून उन्हातल्या बर्फासाठी करंगळीएवढ्या पांढऱ्यात मुगाच्या दाण्याएवढं येलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळा. सावलीसाठी चार भाग पांढरा, एक भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पॅलेट नाइफच्या, म्हणजे रंग मिसळायच्या पात्याच्या, टोकावर येईल इतकंच अलिझरिन क्रिमसन (गडद लाल). सावली फार जांभळी झाली तर किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, ती लगेच शांत होते. काळा रंग नकोच. झाडांचे बुंधे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून पुरेसे गडद होतात.

सावली निळी का, हे मात्र समजून घ्या. उन्हात सावलीच्या जागी निळ्या आकाशाचाच उजेड पोचतो. त्यामुळे ढगाळ आकाश रंगवून खाली गडद निळ्या सावल्या टाकल्या, तर बघणाऱ्याला काहीतरी खोटं जाणवतं. ढगाळ दिवशी आकाश सहसा बर्फाहून उजळ असतं. निरभ्र दिवशी उन्हातला बर्फ आकाशाला मागे टाकतो. फोनच्या फोटोवर विसंबू नका, त्यात बर्फ अनेकदा करडा येतो आणि सावल्या काळवंडतात.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर उजेड-सावलीचा अंदाज चुकतो. आदल्या दिवशी टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट सिएना त्यावर लावून फडक्याने पुसून घ्या. थंड फटकाऱ्यांच्या फटीतून तो उबदार रंग डोकावला पाहिजे. सगळ्या फटी बुजवल्या की मजा गेली.

भिंती, छपरं, झाडं आधी आणि पातळ. छपरावरचा बर्फ नंतर, जाड, एकाच फटकाऱ्यात. तिथेच ब्रश चार वेळा फिरवला की खालचा तांबूस रंग वर येतो आणि निळा मळतो. मळलाच, तर वर आणखी पांढरा थापू नका. नाइफने खरवडा, ब्रश पुसा, नवा रंग उचला.

गाडीवाटेच्या चाकोऱ्या दोन निळ्या रेघांसारख्या ओढल्या की बर्फ सपाट कागद वाटतो. चाकोरीची उन्हाकडे तोंड असलेली कड पिवळसर, दुसरी निळी ठेवा आणि दूर जाताना दोन्हींमधलं अंतर कमी करा. छपराची कडही कुठे कुठे मागच्या शेतात विरघळू द्या.

भेगांचं कारण बहुधा थरांत असतं: खाली जास्त तेलाचा, वर कमी तेलाचा. नेमकं उलट करा. जाड थरासाठी झिंक व्हाइट टाळा, तो वाळून ठिसूळ होतो. पांढरा पिवळट पडू नये म्हणून चित्रकलेसाठीचं करडईचं तेल चालतं, पण फक्त वरच्या थरात. ते जवसाच्या तेलापेक्षा सावकाश वाळतं. जवसाच्या तेलातलं चित्र अंधारात ठेवून पिवळं पडलं असेल, तर काही आठवडे उजेडात ठेवा, बराचसा पिवळेपणा उतरतो.