कुत्र्याचा हार्टवर्म: जंताची नेहमीची गोळी पुरत नाही

"जंताची गोळी दर तीन महिन्यांनी देतोच की!" देता, पण ती पोटातल्या जंतांची. हार्टवर्म म्हणजे हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा जंत; तो डास चावल्याने होतो आणि प्रॅझिक्वांटेल-पायरँटेलची नेहमीची गोळी त्याला रोखत नाही. पाकिटामागचे घटक वाचा. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन किंवा मॉक्सिडेक्टिनसारखं काही लागतं, आणि तेही डॉक्टरांनी कुत्र्याच्या वजनावरून ठरवलेलं. गायीगुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने तर मुळीच देऊ नका. कोलीसारख्या जातींच्या ते जिवावर बेततं.

महिन्याला द्यायची गोळी पुढच्या डासांना अडवत नाही, मागच्या महिन्यात शरीरात शिरलेल्या अळ्या मारते. त्यामुळे नाशिकची थंडी पडली, गोदाकाठचे डास ओसरले, की लगेच बंद करायची नाही. खरं तर बारा महिने दिलेली बरी. अळीचा पूर्ण जंत व्हायला साधारण 6 महिने लागतात. म्हणून वयाने मोठ्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करा: अंगात जंत असताना औषध दिलं तर त्रास होऊ शकतो. पूर्ण वाढलेली मादी 30 सेंटीमीटरपर्यंत लांब असते!

बाकी कूलरची टाकी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या करा. संध्याकाळी कुत्र्याला अंगणात बांधून ठेवू नका.